विमानतळावर वाजणारा करदोटा

आमच्या मारुतीच्या देवळासमोर एक ओटा आहे. संध्याकाळी आम्ही चार म्हातारे तिथं बसतो. गाव आमचं खाडीच्या अंगाचं, पण आता डोंबिवलीने गिळलंय. चारी बाजूंना टॉवर, मध्ये मारुती आणि आम्ही. पूर्वी या ओट्यावर बैलांच्या, भाताच्या, खाडीला आलेल्या उधाणाच्या गोष्टी निघायच्या. आता जो तोंड उघडतो तो विमानतळाचंच सांगतो. पोरं लांब लांब नोकरीला गेली, मग आईबापांना विमानात बसणं आलं. एकाने आपलं गाऱ्हाणं सांगितलं की दुसरा त्याला थांबवतो, "हे कायच नाय, माझं ऐक." असे किस्से साठत साठत ओट्यावर माणसांना बसायला जागा उरली नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेलो. गोड बोलायला मला कोणी शिकवलं नाही, म्हणून सरळ लिहितो. विमानाबद्दल माझी तक्रार नाही. ते वर जातं, खाली येतं, आपलं काम करतं. माझा राग आहे तो विमानाच्या आधी जी झडती घेतात तिच्यावर. जन्मात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलो नाही, आणि म्हातारपणी दोन्ही हात वर करून उभा राहतो. का, तर पोरीला भेटायचंय.

पोरगी वनिता, बंगलोरला असते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. सगळे देव झाले, सगळे डॉक्टर झाले. मग एकदाचे दिवस राहिले, तर डॉक्टरीण म्हणाली प्रवास करायचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते राहिलं. मग माहेरच उठून तिच्याकडे जायला लागलं.

आमच्यात रीत आहे. बारशाला पोराच्या आईच्या बापाने चांदीचा करदोटा न्यायचा आणि आपल्या हाताने पोराच्या कमरेला घालायचा. वनिताला दिवस राहिले तसं मी ठरवलेलं, दुसरं काही होवो न होवो, एवढं माझ्या हातून झालं पाहिजे.

अडचण एकच. माझ्या कमरेला पण करदोटा आहे. चांगला करंगळीएवढा जाड, चांदीचा. माझ्या हळदीच्या दिवशी बापाने घातला आणि सोनाराने कडी कायमची जोडून टाकली. काढायचा तर कापायलाच लागतो, आणि आमच्यात करदोटा कापतात तो माणूस गेल्यावर. बाप गेला तेव्हा त्याचा मी माझ्या हाताने कापलेला. त्यामुळे ही वस्तू काय आहे ते मला कोणी शिकवू नये.

तर हा करदोटा विमानतळावर वाजतो.

*

पहिल्यांदा गेलेलो तेव्हा मी, बायको चांगुणा आणि माझा मित्र गोमा. गोमाचा पोरगाही बंगलोरलाच, म्हणून आम्ही तिकिटं एकत्र काढायचो.

ती एक दाराची चौकट असते, नुसतीच चौकट, भिंत नाही काही नाही. त्यातून मी गेलो आणि ती बोंबलली. मग एका पाटावर उभं केलं. आमच्यात हळद लावायला पाटावर बसवतात, इथं उभं करतात आणि हळद पण लावत नाहीत. एक वर्दीवाला हातातलं मशीन अंगावरून फिरवायला लागला. कमरेपाशी आलं की, पीं.

"बेल्ट निकालो," तो म्हणाला.

"बेल्ट नाही. लेंगा आहे, नाडी आहे."

"बेल्ट निकालो."

मी म्हटलं याला डोळ्यांनीच दाखवावं. सदरा वर केला. पोट दिसलं, करदोटा दिसला. मागे रांगेत चांगली शंभर माणसं, त्यांनी पण बघून घेतलं. तो वर्दीवाला दुसऱ्याला बोलवायला गेला, दुसरा तिसऱ्याला. माझ्या पोटाभोवती ही गर्दी. एकजण वाकून बघतो, एकजण बोट लावून बघतो. मी म्हटलं, "म्हैस विकायला आणलेय का?" शेवटी त्यांच्यातला एक पोक्त माणूस आला, बघितलं, म्हणाला, "चांदी है, पुराने लोग पहनते हैं, जाने दो."

माझ्या मागे एक सुटाबुटातला माणूस होता. मघापासून घड्याळ बघून च्यक च्यक करत होता. त्याला पण बेल्ट काढायला लावला. त्याने काढला, हात वर केले, आणि त्याची पँट सरळ घोट्यापर्यंत खाली.

मी वळून बघितलं. माझा लेंगा जागच्या जागी होता.

*

त्याच खेपेला चांगुणाने हातातल्या पिशवीत मसाल्याची बरणी घातलेली. आमचा घरचा मसाला, उन्हात मिरच्या वाळवून, भाजून, डंकावर कुटून आणलेला. वनिताला त्याच्याशिवाय कालवण जात नाही. पिशवी मशीनमधून गेली आणि एका वर्दीवाल्याने बरणी उचलून बाजूला काढली.

"ये नहीं जाएगा."

"का?" चांगुणाने विचारलं.

"मिर्ची पाउडर है. किसी की आँख में डाल सकते हैं."

चांगुणाने त्याच्याकडे असं बघितलं की मला त्याची दया आली. ती म्हणाली, "आरं पोरा, सगला उन्हाळा मी आंगनात बसून मिरच्या निवडल्या. त्या काय कोनाच्या डोल्यात घालाला?"

त्याला मराठी किती कळलं कोण जाणे, पण तो ऐकेना. बाजूला मोठा डबा होता, त्यात लोकांच्या कात्र्या, बाटल्या, काय काय टाकलेलं. बरणी त्यात जाणार. माझं डोकं तापलं, मी भांडायच्या बेतात होतो. चांगुणाने मला मागे सारलं आणि त्या पोराला समजावून सांगायला लागली. मच्छी असली तर दोन चमचे, मटणाला तीन, तेलात आधी लसूण टाक, मसाला करपू देऊ नकोस, आणि हा ओल्या हाताने घेऊ नकोस, बुरशी धरतो. तो नुसता मान डोलावत होता.

मी तिला म्हटलं, "येडी हायस का तू? तो फेकून देनार."

तिने झाकण घट्ट करून बरणी त्याच्या हातात दिली.

पुढच्या खेपेला गेलो तर तोच पोरगा त्याच जागी उभा. चांगुणा थेट त्याच्यापुढे गेली आणि विचारलं, "कसं झालं कालवन?"

पोरगा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "तीखा था, माताजी."

*

गोमाचं वेगळंच असतं. त्याच्या गुडघ्यात वाटी बसवलेली आहे, लोखंडाची का कसली. ती वाजणार हे त्याला कोणीतरी सांगितलेलं. म्हणून त्याने घरून गुडघ्याचा एक्स-रे आणला. तो भलामोठा काळा कागद, मोठ्या पाकिटात घातलेला, काखेत धरलेला. रस्ताभर सांगत होता, "मी दाखवनार आनि मोकला होनार. तुझ्यासारखं पोट उघडं टाकनार नाय."

चौकटीपर्यंत पोचायच्या आधीच एकाने त्याचं पाकीट घेतलं. "ये मशीन में डालो." ट्रेत मावेना तर तसंच पट्ट्यावर आडवं सोडलं. पाकीट गेलं आत. मशीनवर बसलेल्याने पडद्यावर बघितलं, परत मागे घेतलं, परत बघितलं. मग पलीकडे काढून बाजूला ठेवलं.

गोमा चौकटीतून गेला. चौकट वाजली.

"घुटने में क्या है?"

"त्याचा फोटो त्या पाकिटात आहे," गोमा म्हणाला.

"पाकिट चेकिंग में है."

म्हणजे बघा, एक्स-रेचा एक्स-रे काढला. गोमाचा गुडघा मशीनमधून दोनदा जाऊन पलीकडे पोचला आणि गोमा बिचारा अलीकडेच उभा. मी पलीकडून विचारलं, "काय रं, झालास का मोकला?"

त्याने मला जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही.

*

पाण्याचं सांगायलाच पाहिजे. बाटली भरून नेली तर म्हणतात टाका. आता प्यायचं पाणी टाकायचं म्हणजे आमच्या जिवावर येतं. आम्ही हंडे डोक्यावर घेऊन पाणी आणलेली माणसं. मी विचारलं, पिऊन टाकलं तर चालेल का? तर चालेल. म्हणजे बाटलीतलं पाणी धोक्याचं आणि पोटातलं बिनधोक्याचं. गोमाने आपली आणि माझी, दोन्ही मोठ्या बाटल्या तिथंच उभ्याने रिकाम्या केल्या. पाणी वाया गेलं नाही याचं त्याला फार समाधान वाटलं.

मग विमानात बसल्यावर पट्टा बांधून ठेवतात आणि उठू देत नाहीत. पुढचं मी सांगत नाही. गोमा अजून त्यावर बोलत नाही.

*

चांगुणाला मात्र झडतीचा राग नाही. बायकांना पडद्याआड नेतात, तिथं वर्दीतली बाई असते. एकदा ही आत गेली ती बाहेरच येईना. मी इकडे अस्वस्थ. म्हटलं आता हिच्याकडे काय सापडलं? हिच्या कमरेला काय चाकू आहे का?

बऱ्याच वेळाने बाहेर आली, तोंड हसरं.

"काय झालं गं?"

"काय नाय. त्या पोरीने पाठीवरनं हात फिरवला. मी बोलली, बाय, आलीच हायस तर जरा खाली दाब, तितं मना दुखतं."

"मग?"

"दाबला तिने. हात चांगला हाय पोरीचा."

*

पायातल्या वहाणांचा किस्सा ओट्यावर सगळ्यात जास्त सांगितला जातो, आणि तो गोमासमोरच सांगतात.

त्या दिवशी वर्दीवाले ओरडत होते, "जूते उतारो, ट्रे में डालो." आता तो ट्रे म्हणजे ताटच. लोक त्यात मोबाईल ठेवतात, पाकीट ठेवतात, एका बाईने तर पोथी ठेवलेली मी बघितली. त्याच ताटात मागच्याने बूट ठेवायचे. ते ताट धुतात का? पुसतात का? मी विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पंगत उठल्यावर वरण मागितलं.

मी नाइलाजाने वहाणा ठेवल्या. गोमा माझ्या मागे होता. आम्ही पलीकडे गेलो, सामान घेतलं, आत जाऊन खुर्च्यांवर बसलो. थोड्या वेळाने भोंग्यावर हाक सुरू झाली. हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत. तपासणीच्या अलीकडे भिंतीला लागून कोणाची तरी चपलांची जोडी बेवारस सापडलेय, ज्याची असेल त्याने ताबडतोब यावं. काचेतून बघतो तर तिकडे धावपळ. दोरी लावली, माणसं मागे हटवली, एक कुत्रं पण आणलं. कुत्र्याने लांबूनच वास घेतला आणि तोंड फिरवलं.

गोमा माझ्या बाजूला बसून हे सगळं बघत होता. मान हलवून म्हणाला, "कोन येडा इसरला रं? लोकांना अक्कल नाय."

मी खाली बघितलं. तो अनवाणी बसलेला. देवळात जाताना काढतो तशा भिंतीला लावून, नीट जोडीने ठेवून आलेला.

*

वनिताला सातवा लागला तेव्हा चांगुणा ओटी भरायला निघाली. तांदूळ, खण, सुपारी, आणि नारळ. नारळ आमच्या मागच्या दारच्या माडाचा. बिल्डरने सगळं घेतलं, तो एक माड मी सोडलेला नाही. नारळ तिने हातातल्या पिशवीत घेतला, कारण ओटीचं सामान पोत्यासारखं कोणी फेकावं हे तिला चालणार नव्हतं.

"नारियल नहीं जाएगा," वर्दीवाला म्हणाला. या खेपेला दुसराच होता.

"का नाही जाणार?"

"भारी चीज है. किसी को मार सकते हैं."

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "विमानात मी कोणाला नारळ फेकून मारू? आणि मारायचंच असतं तर इतक्या लांब कशाला जाईन? आमच्या सोसायटीत काय माणसं कमी आहेत?"

तो म्हणाला डब्यात टाका. ओटीचा नारळ कचऱ्यात? चांगुणाने तो पदराखाली घेतला. मोठी बॅग तर आधीच पट्ट्यावरून गेलेली, तिच्यात टाकायची सोय राहिली नव्हती. मागे रांग तुंबली, लोक कुरकुरायला लागले. आता काय करायचं? मला जे सुचलं ते मी केलं. तिच्या हातातून नारळ घेतला, देवाचं नाव घेतलं आणि रांगेच्या बाजूच्या लोखंडी खांबावर आपटला.

तो आवाज झाल्यावर एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सगळे वळून बघायला लागले. दोन वर्दीवाले धावत आले. फरशी पुसणारी बाई आपली मराठीच निघाली, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, हे काय देऊळ आहे का?"

"देऊळ नाही तर चपला कशाला काढायला लावता?" मी म्हटलं.

मग मी खोबऱ्याचे तुकडे केले आणि हातावर घेऊन उभा राहिलो. "प्रसाद आहे," मी म्हटलं. प्रसाद म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? धावत आलेल्या दोघांनी घेतला. पुसणाऱ्या बाईने घेतला. ज्याने नारळ अडवला त्यानेही उजव्या हातात घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. उरलेली वाटी पिशवीतून गेली, कोणी विचारलं नाही.

अख्खा असतो तेव्हा तो हत्यार, फोडला की प्रसाद. हा त्यांचा कायदा.

चांगुणा बंगलोरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. ओटी तिथल्या दुकानातल्या नारळाने भरायला लागली. उतरल्यावर एवढंच म्हणाली, "आज नारल फोडला. उद्या करदोटा कापा बोलतील, तो पन कापाल."

*

तिचं बोलणं मी मनात ठेवलेलं. पोरगा झाला. बारशाचा दिवस ठरला. सोनाराकडून मी छोटा करदोटा करून घेतला, एवढासा, माझ्या मनगटाला पण बसणार नाही, मध्ये दोन घुंगरं. लाल फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. बारसं दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

विमानतळावर त्या दिवशी सगळे नवे चेहरे. मसाला खाणारा पोरगा नाही, पहिल्या वेळचा तो पोक्त माणूस नाही. चौकटीपाशी एक तरणा उभा, ताठ, मिशी कोरलेली, तोंडावर हसू म्हणून नाही. मी गेलो, वाजलं. पाटावर चढलो, हात वर केले, मशीन कमरेपाशी आलं, पीं.

मी त्याच्या आधीच सदरा वर केला. "करदोटा आहे. चांदी."

"निकालिए."

"तो निघत नाही."

"निकालिए, ट्रे में रखिए, फिर आइए."

"अरे निघत नाही म्हणून सांगतोय. जोडलेला आहे. कापायला लागतो."

"तो कटवाइए."

मी म्हटलं, "तो मेल्यावर कापतात. मी अजून मेलेलो नाही. तुला दिसत नसेल तर हात लावून बघ."

त्याने हात लावला नाही. तो म्हणाला, "नियम है. बिना निकाले नहीं जा सकते."

मी खिशातलं लाल फडकं काढून उघडून दाखवलं. "हे बघ. नातवाच्या कमरेला घालायला चाललोय. उद्या बारसं आहे. माझा कापून नातवाला हा घालू का? असा करदोटा पोराला लाभेल का?"

त्याने त्या छोट्या करदोट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत तेच, "नियम है, बाबा."

चांगुणा आणि गोमा पलीकडे पोचलेले. चांगुणाला वाटलं नेहमीचं भांडण आहे, मग तिला माझं तोंड दिसलं. भोंग्यावर बंगलोरच्या विमानाची हाक झाली. गोमा तिकडून ओरडला, "हिरू, सोड ना, कापून टाक, तितं गेल्यावर सोनार जोडून देल."

मी त्याला म्हटलं, "तुझा गुडघा काढून ठेव आधी."

खोटं कशाला बोलू, त्या वेळी मी डळमळलो. विमान गेलं तर बारसं गेलं. इतक्या वर्षांनी पोरीच्या घरात पाळणा हलला, आणि तिचा बाप इथं पाटावर हात वर करून उभा. एका बाजूला बापाने घातलेला, दुसऱ्या बाजूला नातवाला घालायचा. कात्री मागावी असं माझ्या तोंडापर्यंत आलेलं.

तेवढ्यात चांगुणा उलट्या दिशेने चालत आली. पलीकडून अलीकडे येऊ देत नाहीत, पण तिला अडवणार कोण? त्यांचा साहेब पण आवाज ऐकून आलेला, खांद्यावर चांदण्या लावलेला. चांगुणाने साहेबाला नमस्कार केला आणि गळ्यातलं मंगळसूत्र दोन बोटांनी धरून पुढे केलं.

"हे वाजलं मघाशी," ती म्हणाली. "त्या पोरीने बघितलं आनि सोडलं. काढ बोलली नाय."

"वो मंगलसूत्र है, माताजी," साहेब म्हणाला.

"हाव. माझं हे, आनि यांचा तो. एकाच लग्नात घातलेलं. यांचा कापाचा असल तर आधी माझं तोडा. तसंच आसतं आमच्यात. कात्री आना."

आणि मान पुढे करून उभी राहिली.

साहेबाला मराठी येत होतं की नव्हतं ते मला माहीत नाही. त्याने एकदा मंगळसूत्राकडे, एकदा माझ्या कमरेकडे बघितलं. मग त्या तरण्याला म्हणाला, "परदे में ले जाओ. हाथ से चेक करो. अच्छे से."

मला पडद्याआड नेलं. आत आम्ही दोघंच. पोराने करदोटा पूर्ण चाचपला, पुढून, मागून, कडीपाशी. लेंग्याची नाडी बघितली. परत मशीन फिरवलं, परत पीं. परत चाचपला. माझ्याकडे बघेना. बाहेर विमानाची शेवटची हाक चाललेली. माझं रक्त उकळायला लागलं. त्याने मशीन स्टुलावर ठेवलं आणि हातमोजे काढायला लागला, तसं मी ते मशीन उचललं.

"सारखं माझ्याच अंगावर," मी म्हटलं. "तू कोण राजा लागून गेलास? हात वर कर."

काय वाटलं त्याला कोण जाणे, त्याने हात वर केले.

मी मशीन त्याच्या छातीवरून फिरवलं. बिल्ला वाजला. खाली आणलं. कमरेपाशी, पीं.

"बेल्ट निकालो," मी म्हणालो.

त्याने पट्टा काढला. चामड्याचा, पुढे मोठं पितळी बक्कल. काढून स्टुलावर ठेवला आणि परत हात वर केले.

मी परत मशीन त्याच्या कमरेला लावलं.

पीं.

त्याचा एक हात आपसूक खाली येऊन वर्दीवरून कमरेपाशी गेला. त्याने माझ्या हातातून मशीन घेतलं, बंद केलं, आणि पट्टा लावत लावत पडदा बाजूला केला.

"जाइए बाबा," तो म्हणाला. "उधर बच्चे की कमर खाली है."